वसतिगृहाची खोली आणि दुकानाची फळी

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी जून महिना दोन कामे एकदमच घेऊन येतो. मृगाचा पाऊस पडला की कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या पेरणीची धांदल उडते व बाजारपेठेतल्या दुकानदाराला दुपारच्या जेवणासाठी घरी जाण्याचीही सवड उरत नाही. त्याच सुमारास बारावीचे निकाल लागून गेलेले असतात आणि मुलामुलींच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. साहजिकच मुलाला अथवा मुलीला बाहेरगावी पाठवण्याची सारी तयारी घरातल्या स्त्रियांकडे येते. महाविद्यालय कोणते, शुल्क किती, मेसमध्ये कांदा-लसूण व कंदमुळे नसलेले जेवण मिळेल काय, सूर्यास्तापूर्वी पान वाढले जाईल काय, या प्रश्नांचा घरोघर काथ्याकूट होतो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या खोलीत मूल दिवसाचे बारा-चौदा तास काढणार असते, तिच्याविषयी ‘खोली मिळाली’ एवढ्या दोन शब्दांत विषय संपतो. ती खोली केवढी, तीत किती जण, सामान कोठे ठेवायचे, हे कोणी विचारत नाही.

पूर्वीच्या काळी हा प्रश्न विचारण्याचे कारणही नव्हते. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या मुलाला पुढे शिकायचे तर औरंगाबाद गाठावे लागे, नाहीतर थेट हैदराबाद. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्या पिढीचा विद्यार्थी घर सोडताना एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि एक तांब्या घेऊन निघे. मंठ्याला रेल्वे नाही; परतूरला अथवा जालन्याला जाऊन गाडी धरावी लागे, म्हणजे जेवढे स्वतःच्या डोक्यावर व हातात मावेल तेवढेच सामान. खोली नीटनेटकी ठेवण्यासाठी वेगळी विद्या लागत नसे, कारण विस्कटायला फारसे काही नसेच.

जैन समाजाला वसतिगृहाचे महत्त्व फार लवकर उमगले, ही अभिमानाची गोष्ट आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ साली दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले. मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ साली श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. पुण्यात शेठ हिराचंद नेमचंद यांच्या नावाचे बोर्डिंग आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या व्यापाऱ्यांच्या मुलांनी या वास्तूंत राहून वकिली केली, डॉक्टरकी केली, हिशेबतपासनीस झाले. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्येच राहिले होते. पुढे त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. तेथे झाडलोट, धुणे, स्वयंपाक ही कामे मुले स्वतः करीत. वसतिगृह म्हणजे केवळ निवारा नसून राहणीचे शिक्षण, हा विचार भाऊरावांनी महाराष्ट्राच्या अंगवळणी पाडला. आजच्या वसतिगृहांत झाडणारे येतात, मेसमध्ये वाढणारे असतात, धुण्यासाठी यंत्र असते. विद्यार्थ्याच्या हाती राहते ती एवढीच आपली खोली, आणि तीही बहुधा अर्धी.

मंठ्यातील एका किराणा-भुसार व्यापाऱ्याच्या घरात तीन वर्षांपूर्वी या अर्ध्या खोलीवरून जे घडले, ते नोंदवून ठेवण्यासारखे आहे. घरात दोन मुले. थोरला मुलगा आणि त्याच्याहून सात वर्षांनी धाकटी मुलगी. मुलगा बारावीनंतर शहरात शिकायला गेला होता आणि वर्षभरातच परत आला होता. ‘मन लागले नाही’ असे घरच्यांनी पाहुण्यारावळ्यांना सांगितले, ‘शिकून तरी शेवटी दुकानच पाहायचे’ असे पाहुण्यांनी त्यावर सांगितले, आणि विषय मिटला. मुलगा दुकानात बसू लागला व चार-पाच वर्षांत असा तयार झाला की वडिलांना खरेदीखेरीज कशात लक्ष घालावे लागेना. घरात मात्र एक समजूत पक्की झाली की आपल्या घरातल्या मुलांना बाहेर राहणे मानवत नाही. त्यामुळे मुलीने पुण्याला जाऊन बी.कॉम. आणि त्याबरोबर सी.ए. करण्याचा हट्ट धरला तेव्हा कोणी नाही म्हटले नाही, पण ती दिवाळीपर्यंत परत येईल हे बहुतेकांनी मनाशी धरूनच ठेवले होते.

तिच्याबरोबर गेलेले सामान मोजले तर अकरा नग होते. दोन चाकांच्या बॅगा, आजीची ट्रंक, गादी-उशांचे गाठोडे, भांड्यांनी भरलेली बादली, एक इस्त्री, एक पाण्याची किटली आणि खाण्याचे चार मोठे डबे. खाकरे, शेव, चिवडा, शंकरपाळी, मुगाचे पापड, कैरीचे लोणचे, तूप, सुका मेवा. सहा चादरी. पितळी दिवा. ‘पाहुणे आले तर’ म्हणून तीन ताटे. आईने रात्री जागून एकेक वस्तू कागदात गुंडाळली होती. व्यापाऱ्याच्या घरात माया बोलून दाखवण्याची पद्धत नसते. ती डब्यात भरून पाठवण्याची असते. म्हणून या अकरा नगांना कोणी हसू नये.

पण त्या खोलीचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. खोली दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे १२० चौरस फूट. दोन खाटा, सहा बाय तीनच्या, म्हणजे ३६ चौरस फूट. दोन टेबले तीन बाय दोनची, १२. दोन कपाटे मिळून ९, दोन खुर्च्या मिळून सुमारे ५. दार आत उघडते, त्याच्यासाठी मोकळी सोडावी लागणारी जागा ९. बेरीज ७१. उरले ४९ चौरस फूट, आणि तेही दोघींमध्ये. प्रत्येकीच्या वाट्याला साडेचोवीस चौरस फूट. त्यातच चालायचे, कपडे बदलायचे, बॅग उघडायची. अकरा नगांचा संसार या साडेचोवीस फुटांत थाटायचा होता. दुसऱ्या खाटेवर कोकणातली एक मुलगी आली होती. तिचेही आठ नग होते, तिच्याही आईने फणसपोळी बांधून दिली होती. दोन किटल्या, दोन इस्त्र्या, दोन आरसे, दोन बादल्या, आणि विजेचे बटण मात्र टेबलापाशी एकच.

जुलैत पुण्याची झड लागली. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत महिना-महिना कुरकुरीत राहणारे खाकरे तेथे चार दिवसांत सादळले. वाळत घातलेले कपडे तीन-तीन दिवस वाळेनात, म्हणून ते खुर्चीच्या पाठीवर, खिडकीच्या गजावर, कपाटाच्या दारावर अडकवले गेले. खोलीला कुबट वास येऊ लागला. शंकरपाळीच्या डब्याचे झाकण एका रात्री नीट लागले नाही आणि सकाळी भिंतीवरून मुंग्यांची रांग डब्यात उतरलेली दिसली. आता मुंग्या मारायच्या कशा? कोकणातल्या मुलीने औषधाची पुडी काढली, मंठ्याच्या मुलीने तिचा हात धरला. त्या मुलीला हे समजेना आणि हिला ते समजावता येईना. वस्तुतः दोघींचेही चुकत नव्हते. मुंग्या आल्यावर काय करायचे हा प्रश्नच उशिराचा असतो. त्या येऊ नयेत अशी खोली ठेवणे, हीच तेथे शक्य असलेली अहिंसा होती आणि ती दोघींनाही साधली नव्हती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोकणातल्या मुलीने रेक्टरकडे तक्रार केली. सामान तिच्या बाजूला येते, रात्री पाय ठेवायला जागा नसते, अभ्यासाचे टेबल डब्यांनी भरलेले असते, असा तिचा मजकूर होता आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. रेक्टरबाईंनी लेखी समज दिली. मुलीने त्या रात्री घरी फोन केला. आईने सारे ऐकून घेऊन एकच वाक्य उच्चारले, ‘मग ये परत.’ ते वाक्य कठोरपणाने आलेले नव्हते. ते गेली सात वर्षे घरात तयारच होते.

फोन ठेवल्यावर भाऊ बराच वेळ बसून राहिला आणि मग त्याने आईवडिलांना, आपण स्वतः परत का आलो होतो, ते प्रथमच सांगितले. अभ्यास त्याला अवघड गेला नव्हता. एका खोलीत ते तिघे होते. त्याला सामान लावता येत नव्हते आणि इतर दोघांनाही नव्हते. रोज सकाळी काहीतरी सापडत नसे. कधी वही, कधी मोजा, कधी पैसे. बसायला जागा नाही म्हणून तो जिन्यात बसून वाची. वार्षिक परीक्षेच्या एका सकाळी प्रवेशपत्र सापडले नाही. तो पेपर बुडाला. प्रवेशपत्र संध्याकाळी गादी आणि फराळाच्या डब्याच्या मध्ये मिळाले. ‘कागद हरवला म्हणून नापास झालो’ हे सांगण्याची लाज वाटली, म्हणून त्याने ‘मन लागत नाही’ असे सांगून टाकले होते. वडिलांनी सात वर्षे त्याची बुद्धी मनातल्या मनात कमी धरली होती. ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले.

त्याच आठवड्यात, पर्युषण लागण्यापूर्वी, आई आणि भाऊ रात्रीच्या गाडीने पुण्याला निघाले. मंठा ते पुणे हा रात्रभराचा प्रवास आहे. मुलींच्या वसतिगृहात पुरुष पाहुण्याला भेटीच्या दालनापलीकडे प्रवेश नसतो, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. भाऊ खाली बाकावर अडकला. त्याने बहिणीकडून खोलीची मापे मागवली, हिशेबाच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने खोली काढली आणि तेथूनच सूचना देऊ लागला. आई वर जाई, काम करी, खाली येऊन सांगे आणि पुन्हा वर जाई. म्हणजे जिने ज्या वस्तू भरल्या होत्या, तिलाच त्या एकेक करून बाहेर काढाव्या लागल्या. मुलीने वा भावाने ते केले असते तर आईच्या मनात कायमची सल राहिली असती. वसतिगृहाच्या नियमाने हा प्रसंग आपोआप टळला.

भावाने विचारलेले प्रश्न दुकानातलेच होते. रोज काय लागते? आठवड्याला काय लागते? गेल्या महिन्यात कशाला हात लागला नाही? मंठ्याच्या दुकानात साखर, चहा, तेल, साबण हा माल गल्ल्यापासून हाताच्या अंतरावर असतो. उठावे लागू नये. आठवड्यातून दोनदा खपणारा माल मागच्या फळीवर. दिवाळी-संक्रांतीचा माल माळ्यावर. आणि वर्षभर न खपलेला माल पडत्या भावाने काढून जागा सोडवायची, कारण फळीलाही भाडे पडते. हा क्रम किराण्याच्या दुकानात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. तो खोलीला लावावा हे मात्र त्या घरात कोणाला सुचले नव्हते, अगदी भावाला स्वतःलाही त्याच्या वेळी सुचले नव्हते. तेव्हा तो दुकानदार नव्हता.

महिन्याभरात हात न लागलेल्या वस्तूंचे दोन मोठे ढीग निघाले. चार चादरी, तीन ताटे, लोकरीची शाल, पितळी दिवा, निम्मे कपडे, एक बॅग. ते सारे त्याच रात्री परतीच्या गाडीने मंठ्याला जायचे ठरले. आईने दिव्यापाशी थोडा आग्रह धरला. खोलीत ज्योत लावण्यास वसतिगृहाची मनाई आहे हे कळल्यावर तोही सोडला.

उरलेल्या सामानासाठी जागा निघाली ती खाटेखाली. दोन खाटांखालचे ३६ चौरस फूट हिशेबात कोणी धरलेच नव्हते. खाट बुटकी होती, ट्रंक आत जाईना. भावाने शेजारच्या बांधकामावरून विचारून आठ विटा आणल्या. खाटेच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवल्यावर ती सुमारे सहा इंच उचलली गेली आणि ट्रंक सहज आत सरकली. ट्रंक ही जुन्या माणसांची वस्तू म्हणून हल्ली नाके मुरडली जातात, पण पत्र्याला उंदीर लागत नाही, ओल शिरत नाही आणि वरून बसताही येते. आठवड्याला लागणारे कपडे ट्रंकेत आणि रोजचे कपाटात अशी वाटणी झाली. नॅप्थलीनच्या गोळ्यांऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला कागदाच्या घडीत घालून कपड्यांत ठेवला. बादली दिवसभर रिकामी असते, तीत साबण, तेल, ब्रश आणि धुण्याची पावडर राहू लागली. अंघोळीला जाताना बादली उचलली की सारे एकदमच हाती येते. भिंतीवर जमिनीपासून सहा फुटांच्या वर कोणाचा हात जात नाही आणि नजरही जात नाही. दाराच्या मागे खुंट्यांची एक पट्टी लावल्यावर खुर्चीवरचे ओझे निम्मे कमी झाले. ओल्या कपड्यांसाठी घडीची एकच लोखंडी घोडी दोघींत घ्यायची ठरली आणि ती पंख्याखाली रात्रीच उघडायची.

खाण्याच्या बाबतीत भावाने आईशी सरळ व्यापारी बोलणे केले. चार डब्यांच्या जागी घट्ट झाकणाचा एक लहान डबा, पंधरा दिवसांच्या अंदाजाने. आधी आलेला माल आधी संपेल. डब्याभोवती हळदीची रेघ, म्हणजे मुंग्या सहसा जवळ येत नाहीत व एकही जीव जात नाही. आणि महत्त्वाची अट अशी की रिकामा डबा मंठ्याला परत आल्याशिवाय भरलेला डबा निघायचा नाही. रिकामे डबे-पोती परत आल्याशिवाय नवा माल न देण्याचा बारदान्याचा नियम व्यापाऱ्याच्या बायकोला समजावून सांगावा लागत नाही. ‘तेवढ्यात तिचे भागेल का?’ एवढेच तिने विचारले. ‘भागले नाही तर कळवेल की,’ भाऊ म्हणाला.

कागदपत्रांवर मात्र त्याने सर्वांत अधिक वेळ घालवला आणि त्याचे कारण आता आईला माहीत होते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अल्पसंख्याक समाजाचे प्रमाणपत्र, बँकेचे पासबुक, शुल्काच्या पावत्या, प्रवेशपत्र. हे सारे एकाच प्लॅस्टिकच्या फाइलीत, तारखेच्या क्रमाने, वर अनुक्रमणिका लावून. फाइलीची जागा एकच, कपाटातला सर्वांत वरचा कप्पा. तेथे फाइलीशेजारी दुसरे काहीही ठेवायचे नाही. प्रत्येक कागदाची एक छायाप्रत मंठ्याच्या दुकानातल्या तिजोरीत. शासनाची डिजिलॉकर ही सेवा २०१५ पासून उपलब्ध आहे आणि गुणपत्रिकेसारखे अनेक कागद तीत राहतात. त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु परीक्षेच्या सकाळी फोनची बॅटरी संपलेली असू शकते, म्हणून कागदाला पर्याय नाही, असे त्याचे ठाम मत होते. कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी दुसरी किल्ली त्याच खोलीत ठेवण्याची चूक फार जण करतात. ती शेजारच्या खोलीतल्या विश्वासू मुलीकडे गेली.

कपाटातला एक कप्पा त्याने रिकामा ठेवायला सांगितला. बहिणीला हे पटेना. जागा नाही म्हणून एवढा खटाटोप चालला असताना कप्पा रिकामा कशासाठी? भावाचे उत्तर असे की दुकानातही एक फळी आवकेसाठी मोकळी ठेवावी लागते, नाहीतर नवा माल दारात पडून राहतो आणि दारातला माल दिवसभर पायांत येतो. ग्रंथालयातून आणलेले पुस्तक, धुऊन आलेले कपडे, कोणी दिलेल्या टिपणांची चळत, हे दिवसभरात खोलीत येतच असते. ते प्रथम त्या कप्प्यात जावे.

हे सारे होईपर्यंत कोकणातली मुलगी वर्गावरून आली. तिला वाटले, आपल्यामुळे ही खोली सोडून चालली. तसे नाही हे कळल्यावर ती ओशाळली आणि स्वतःच्या सामानातलेही काढू लागली. दोघींनी मिळून दोन किटल्यांपैकी एक, दोन इस्त्र्यांपैकी एक व एक आरसा कमी केला. विजेचे बटण कोणी केव्हा वापरायचे, दिवा किती वाजता मालवायचा, खिडकी कोणाच्या बाजूची आणि रविवारी केर कोणी काढायचा, हे त्यांनी एका कागदावर लिहून खाली सह्या केल्या. भागीदारी तोंडी असली की ती पुढे भांडणात जाते, हे व्यापारी घरांना सांगायला नको.

प्लॅस्टिकच्या रंगीत पेट्या, कप्प्यांच्या टोपल्या, लटकवण्याच्या पिशव्या अशा वस्तूंचा बाजारात हल्ली पूर आला आहे आणि वसतिगृहाला निघालेल्या मुलांकडे त्यांची मोठी यादी असते. या मासिकाच्या वाचकांत अशा वस्तूंचे दुकानदारही असतील; त्यांनी रागावू नये. पण पेट्या आधी विकत आणल्या की त्या भरण्यासाठी वस्तू शिल्लक ठेवल्या जातात. वस्तू आधी कमी कराव्या, मग उरल्या तर पेटी आणावी. या खोलीत आठ विटा, एक खुंट्यांची पट्टी आणि कपडे वाळवायची एक घोडी एवढाच खर्च झाला, आणि विटा तर फुकट मिळाल्या होत्या.

निघताना भावाने शेवटची गोष्ट सांगितली आणि ती सर्वांत साधी होती. दुकानदार रात्री दुकान ‘बंद’ करत नाही, तो दुकान वाढवतो. ‘बंद’ हा शब्द अशुभ म्हणून टाळला जातो, हे खरेच आहे. पण दुकान वाढवणे हे प्रत्यक्षात एक कामही आहे. फळ्यांवरचा माल सरळ करायचा, वजने जागेवर ठेवायची, पोत्यांची तोंडे बांधायची, गल्ला मोजून रोजमेळ लिहायचा, केर काढायचा आणि मगच शटर ओढायचे. कितीही थकवा असो, हे केल्याशिवाय दुकानदार घरी जात नाही, कारण सकाळचे पहिले गिऱ्हाईक उभे असताना वजन शोधत बसता येत नाही. तशीच रात्री दहा मिनिटे खोली वाढवायची. टेबल मोकळे करायचे, कपडे खुंटीला, डब्याचे झाकण पाहायचे, उद्याची पुस्तके पिशवीत, फाइल जागेवर आहे ना हे डोळ्यांनी पाहायचे, मग दिवा. रविवारी सारा दिवस आवरण्यात घालवण्यापेक्षा ही दहा मिनिटे स्वस्त पडतात.

मंठ्यात परतल्यावर आजीला ही हकीकत सांगितली तेव्हा तिला त्यात नवल वाटले नाही. साधू-साध्वी आपल्या वस्त्रपात्रांचे पडिलेहण दिवसातून दोनदा करतात, तुम्ही एकदा केले तर काय मोठे केले, असे ती म्हणाली. पाच समित्यांपैकी आदान-निक्षेपण ही चौथी. वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट पाहून, कोणत्याही जीवाला इजा न होईल अशी काळजी घेणे. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणारा गृहस्थ आपल्या वस्तूंची मर्यादा आपणच ठरवतो. प्रवचनात हे सारे कितीदा ऐकलेले असते. चाळीस वर्षे व्याख्यानाला बसलेल्या घरातून अकरा नग बाहेर पडले होते, हेही आजीने हसत बोलून दाखवले.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. खुर्चीवर कपड्यांचा ढीग अधूनमधून पुन्हा चढे. परीक्षेच्या दिवसांत दहा मिनिटांचा नेम चार-चार दिवस मोडे. मार्चमध्ये एकदा मुंग्या पुन्हा आल्याच. त्या फणसपोळीला आल्या होत्या. आईचे हातही पूर्णपणे आवरले नाहीत. लहान डब्याच्या झाकणाखाली ती एखादी जास्तीची पुडी दाबून बसवी आणि मुलगी ती कोकणातल्या मैत्रिणीला देई. परंतु दिवाळीला ती घरी आली ती सुट्टीसाठी आली, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी परत गेली.

वर्ष संपून खोली बदलण्याची वेळ आली तेव्हा तिच्याबरोबर पाच नग मंठ्याला आले. त्यांत ट्रंक नव्हती. पुण्याला नव्याने निघालेल्या एका नात्यातल्या मुलीसाठी ती तेथेच ठेवली होती, आणि आठ विटाही खाटेखाली तशाच होत्या. त्या मुलीच्या आईने मंठ्याला फोन करून सामानाची यादी विचारली, तेव्हा फोन भावाने घेतला आणि यादी सांगण्याऐवजी खोलीचे माप विचारले. त्याच उन्हाळ्यात त्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.कॉम.चा अर्ज भरला. शुल्क वडिलांनी गल्ल्यातून मोजून दिले आणि रोजमेळात त्याच्या नावाने लिहून ठेवले.